पुढचा थांबा : जुलैतला धक्का आणि ऑगस्टातला

मागच्या अंकात ससून डॉक या मुंबईतल्या मासळीच्या धक्क्याच्या पहाटेवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा पाऊसच पडला. बहुतेकांचं म्हणणं एकच : काका, पावसात एखादा शनिवार-रविवार गाठून धक्क्यावर जायचंय, कसं जावं?

माझी ओळख मासळीशी कमी आणि मासळीवाल्यांशी जास्त. बेस्टमध्ये पस्तीस वर्षं कंडक्टर होतो, त्यातली बरीचशी कुलाबा आगारातून सुटणाऱ्या पहाटेच्या गाड्यांवर. ससून डॉकच्या थांब्यावर कोळणी पाट्या घेऊन चढायच्या. खाली उतरायचं ते बर्फाचं पाणी, आणि वर आमचं ‘पुढे चला, पुढे चला’. त्या गाडीचा गल्ला आगारात भरायला गेलो की कॅशियर नोटा चिमटीत धरायचा. एखाद्या दहाच्या नोटेला रुपयाएवढा खवला चिकटलेला असायचा. न विचारता तो म्हणायचा, “ससून डॉकची पहिली गाडी ना?” त्या गाडीवर जे कानावर पडलं ते आज तुमच्या कामाला येतंय.

*काका, माझे आई-वडील, भाऊ आणि वहिनी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात अकोल्याहून येत आहेत. त्यांना रविवारी पहाटे भाऊचा धक्का दाखवायचा आणि ताजी मासळी घेऊन यायची असं ठरतंय. किती वाजता पोचावं?*
— एक वाचक, डोंबिवली

ताई, पोचूच नका. १ जून ते ३१ जुलै आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. एकसष्ट दिवस. हे मासळीच्या विणीचे दिवस, आणि समुद्रही खवळलेला. म्हणजे तुमची मंडळी पहाटे चारला उठणार, पहिली लोकल पकडणार, डॉकयार्ड रोडला उतरून भर पावसात चालत जाणार, आणि तिथे बघणार काय, तर एकमेकींना खेटून बांधलेल्या, शाकारलेल्या, म्हणजे पावसाळ्यासाठी झाकून ठेवलेल्या बोटी.

हे अनुभवाचे बोल आहेत. नव्वदच्या दशकात माझा सोलापूरचा साडू असाच जुलैत आला होता. मटणाचा माणूस. बायकोच्या माहेरी माझी ऐट अशी की आमचा जावई रोज धक्क्यावरच असतो. रविवारी माझी सुट्टी, तरी साडूला पहाटे उठवून निघालो. बंदीचं माझ्या डोक्यातच नव्हतं. कोळणी महिनाभर गाडीला दिसल्या नव्हत्या. मला वाटलं, पावसामुळे उशिराची गाडी पकडत असतील. धक्क्यावर ताडपत्रीखाली एक म्हातारबाबा तेवढे जाळं शिवत बसले होते. साडू अर्धा तास त्यांच्या सुईकडे बघत उभा राहिला आणि मग शांतपणे मला म्हणाला, “मासे कुठं असतेत हो?” म्हाताऱ्याने वर न बघताच उत्तर दिलं, “दर्यान.” आम्ही दोघं चहा पिऊन परत. वाटेत सुके बोंबील घेतले, तेही त्याने खाल्ले नाहीत. पुढे तीस वर्षं लग्नाकार्यात हा किस्सा रंगवून सांगितला गेला. साडू गेला, आता त्याचा मुलगा सांगतो.

जुलैत बाजारात मासळी दिसते, मग ती कुठली, असं तुम्ही विचाराल. जुलैतली बंदी फक्त पश्चिम किनाऱ्याची. पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून असते. आपल्या बोटी शाकारलेल्या असतात तेव्हा तिकडच्या सुटलेल्या असतात, आणि तिकडून बर्फात घातलेला माल ट्रकने मुंबईत येतो. बाकी शीतगृहातला साठा, आणि नदी-धरणातले रोहू-कटला. अकोल्याहून येऊन मुंबईत रोहूच खायचा असेल तर भाऊ तुम्हाला बोल लावेल.

पाहुण्यांची तारीख बदलत नसेल तर जेवणाचा बेत बदला. जुलै हा सुक्याचा महिना. सोड्यांचं कालवण, जवळ्याची चटणी, वांगं-बोंबील. मे महिन्यात वाळवून ठेवलेलं पावसात खायचं, ही आपली जुनी रीत. ताजंच हवं तर खाडीचं बघा : चिंबोऱ्या, निवट्या, तिसऱ्या. बिनइंजिनाच्या होडीला बंदी नाही, खाडीत हाताने धरणाऱ्यालाही नाही. आणि धक्का दाखवायचाच असेल तर मासळीसाठी जाऊ नका, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत बसवा. २०२० पासून चालू आहे, मोटारसुद्धा पोटात घेते, मांडवा तासाभरात. गेट वेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, ही मात्र हवा बरी असेल तर जाते. निघण्याआधी चौकशी करा, हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात. पावसात अर्ध्या वाटेवर मुंबई पुसली जाते, मांडवा अजून दिसत नसतो. अकोल्याच्या माणसाला तेवढं पुरे.

*काका, मी पुण्यात फोटोग्राफी शिकतो. ऑगस्टच्या पहिल्याच शनिवारी आम्ही चार मित्र रात्रीच्या गाडीने येऊन ससून डॉक करणार आहोत. भाऊचा धक्का चांगला की ससून डॉक? पावसात कॅमेऱ्याचं काय करावं?*
— एक विद्यार्थी, पुणे

अरे बाळा, आधी तारीख नीट बघ. बंदी ३१ जुलैला संपते याचा अर्थ १ ऑगस्टला मासळी येते असा नाही. १ ऑगस्टला बोटी जातात. छोट्या बोटी एक-दोन दिवसांत परततात, मोठे ट्रॉलर आठवडा आठवडा बाहेर असतात. त्यात हवामान खात्याचा इशारा आला की गेलेल्या बोटीही माघारी येतात. पहिला शनिवार १, २ किंवा ३ तारखेला पडत असेल तर सोडून दे. दुसरा-तिसरा धर. हंगामाचा पहिला माल भरून आलेला धक्का वर्षात एकदाच दिसतो. कोळंबीचे ढीग लागतात, ओझेवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

दोन्हींत निवडायचं तर माझं मत ससून डॉकच्या पारड्यात. तिथली जागा जुनी आहे, दगडी आहे, आणि मासळीसाठी बांधलेलीच नव्हती. आल्बर्ट ससून यांनी १८७५ साली ती बांधली ती कापसाच्या व्यापारासाठी. कापूस गेला, कोळंबी आली. दाराशी घड्याळाचा मनोरा आहे. त्यातल्या वेळेवर मी कधी विसंबलो नाही. भाऊचा धक्का मोकळा, त्यात उजेड जास्त. तो ज्यांच्या नावाचा, ते भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. तिथे एकीकडे मोरा-उरणच्या लाँच, एकीकडे मासळी. तुला माणसांची ये-जाही टिपायची असेल तर तिथे जा.

पाचच्या आत पोच. आठपर्यंत निम्मा खेळ संपलेला असतो. तू काय बघायला हवंस ते सांगतो, कारण नवखा माणूस लिलावाच्या गलक्याकडेच पळतो. बोट लागली की टोपल्या खालून वर येतात. एक जण बोटीत, एक काठावर, एक मागे. टोपली हवेतून जाते, कुणी कुणाकडे बघत नाही. ओहोटी असली तर बोट खोल गेलेली असते आणि खालच्या माणसाला टोपली डोक्याच्याही वर फेकावी लागते. पावसात तिच्यातलं पाणी त्याच्या तोंडावर येतं. तो डोळे मिटून फेकतो. हा फोटो तुला मिळाला तर मला दाखव.

दुसरी जागा म्हणजे कोळंबी सोलणाऱ्या बायकांची शेड. ओळीने बसलेल्या असतात, समोर ढीग, बाजूला पातेलं. डोकं मोडलं, साल ओढली, दोरा काढला, टाकली. बोटं दिसत नाहीत इतकी घाई, आणि बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, कारण कोळंबीचा काटा आणि बर्फ मिळून कातडी सोलतात. गाडीत सुटे पैसे देताना त्यातल्या एकीची बोटं मी बघितली होती. नखांच्या कडा पांढऱ्या, भिजलेल्या कागदासारख्या. त्यानंतर तिच्याकडे मी सुट्ट्यासाठी कधी हुज्जत घातली नाही.

आता कॅमेरा. दाराशी विचारल्याशिवाय बाहेर काढू नकोस. नौदलाचा शेजार आहे, फोटोला आडकाठी होते, परवानगी लागते. आत गेल्यावरही माणसाला विचारूनच. २०१७ मध्ये तिथे मोठा चित्रप्रकल्प झाला होता, भिंतींवर कोळणींचे चेहरे रंगवले होते, तेव्हापासून कॅमेरेवाल्यांची गर्दी वाढली. एक बाई मला म्हणाली होती, “भिंतीवर आमचं त्वांड लय मोठं काढलं, पन पाटी उतरवाया कोनी हात लावला नाय.” तू लाव. डोक्यावरची पाटी उतरवायला एक हात दिलास तर दहा फोटो मिळतील.

छत्री नेऊ नकोस. वाट अरुंद, छत्रीचा काटा कुणाच्या तरी डोळ्यात जाणार आणि तुला अस्सल कुलाब्याच्या शिव्या ऐकायला मिळणार. पँट दुमडता येईल अशी, पायात रबरी बूट नाहीतर मागे पट्टा असलेली सँडल. नुसत्या चपलेने घसरशील. तिथल्या फरशीवर पाऊस, डिझेल आणि खवले यांचा जो लेप असतो त्यावर मी, गणवेशात, तिकिटांच्या पेटीसकट आडवा झालेलो आहे. मागून ‘बाजू, बाजू’ अशी आरोळी आली की वळून बघू नकोस, आधी बाजूला हो. हातगाडीला ब्रेक नसतो.

*लिलावात आपण बोली लावू शकतो का? स्वस्त पडतं म्हणतात. आणि पावसात, अंधारात ताजं कसं ओळखावं?*
— गृहिणी, वसई

वहिनी, वसईचं माणूस मला मासळी विचारतं म्हणजे माझी परीक्षाच आहे. लिलाव टोपल्यांचा असतो, व्यापाऱ्यांसाठी. त्यात आपण पडू नये. जी बाई टोपली घेते तीच दहा पावलांवर बसून वाटे लावते. तिच्याकडून घ्या. बाजारापेक्षा स्वस्त पडतं, पण फुकट नव्हे; आणि पहाटे सहाच्या भावाची सकाळी आठच्या भावाशी तुलना करून तिला सुनवू नका.

ओळखायचं म्हणाल तर पिवळ्या दिव्याखाली डोळ्यांवर भरवसा नको, बोटांवर ठेवा. पापलेटचा कल्ल्याजवळचा भाग दाबा. पांढरं दुधासारखं पाणी आलं तर घ्या, तांबूस आलं तर ठेवून द्या. बोंबील हातात ताठ राहिला पाहिजे. सुरमईचा तुकडा दाबल्यावर खळगा राहता कामा नये. कोळंबीचं डोकं हललं की ती कालची. पावसाचं पाणी पडून सगळीच मासळी चकाकते, तेव्हा चकाकीला भुलू नका. चिंबोऱ्या अमावास्येच्या आसपास भरलेल्या असतात आणि पौर्णिमेला पोकळ, असं कोळणी सांगतात. मी हातात तोलून घेतो, जड ती आपली.

तळहाताएवढंही नसलेलं पापलेट मात्र कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. सप्टेंबर २०२३ मध्ये चंदेरी पापलेटला राज्य मासा केलं ते उगाच नाही. पिल्लंच धरत राहिलो तर मोठं दिसणार कुठून?

*आमचे आजोबा तिथीवरून भरतीची वेळ सांगायचे. तो हिशोब कुणाला आठवतो का? पावसातल्या सहलीला त्याचा काही उपयोग?*
— निवृत्त लिपिक, ठाणे

साहेब, भारी आठवण काढलीत. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला सव्वा अकरा, बाराच्या आसपास धरा. दिवसा तीच वेळ, रात्रीही तीच, थोडा पुढे-मागे फरक. मुंबईच्या किनाऱ्याला हे चालतं. आमच्या गाडीवरच्या एक आजीबाई घड्याळ वापरायच्या नाहीत, पण पाणी कुठवर आलं असेल ते सांगायच्या.

आणि उपयोग विचाराल तर पावसात याचाच सगळ्यात मोठा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, भरती दुपारी बाराच्या सुमारास, पाणी चार-साडेचार मीटरच्या वर चढतं. त्याच वेळी मुसळधार पाऊस लागला की शहरातलं पाणी समुद्रात जायला वाट नाही. मग परळ, हिंदमाता तुंबणार, रुळांवर पाणी येणार, आणि तुम्ही मासळीची पिशवी घेऊन दादरच्या फलाटावर उभे राहणार. म्हणून पावसातल्या सहलीला मी अष्टमीच्या जवळचा रविवार निवडतो. त्या दिवसांना भांग म्हणतात, पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. डोल जाळी लावणारे कोळी म्हणतील, भांगाला ओढ कमी, जाळ्यात बोंबील कमी. असू दे. उधाणाला चार बोंबील जास्त मिळवून दादरला चार तास अडकण्यात काय अर्थ?

*मी शाकाहारी, नवरा मत्स्याहारी, सासूबाई श्रावण पाळतात. ऑगस्टमध्ये आम्ही तिघांनी एकत्र कुठे जावं?*
— एक वाचक, चिंचवड

नारळी पौर्णिमेला संध्याकाळी कुठल्याही कोळीवाड्यात. श्रावणातली पौर्णिमा, सासूबाईंना दर्शन. समुद्राला नारळ, तुम्हाला मिरवणूक आणि नारळीभात. नवऱ्याला उद्याची आशा. एक सांगतो, सरकारी तारीख १ ऑगस्ट असली तरी जुनी कोळी घरं अजून दर्याला नारळ दिल्याशिवाय बोट काढायला कचरतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा थेट ३० ऑगस्टला गेली. तेव्हा आमच्या ओळखीच्या एका घरात बाप-लेकाचं महिनाभर वाजत होतं. पोरगा म्हणे, शेजारच्या बोटी दोनदा भरून आल्या. बाप म्हणे, आल्या असतील. शेवटी पोरगा गेला, बाप काठावर राहिला, आणि पौर्णिमेला नारळ दोघांनी मिळून वाहिला.

*१५ ऑगस्टला जोडून सुट्टी आहे. हर्णै की मालवण?*
— एक वाचक, कराड

हर्णै. गाव माझं मालवणकडचं, तरी हर्णै सांगतोय. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, लागलेली असेलच असं नाही. तुम्ही मालवणात बसून पाऊसच बघाल. हर्णैला किनाऱ्यावरच लिलाव भरतो, सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी, म्हणजे पहाटे उठायचीही सक्ती नाही. बोटी उथळ पाण्यात उभ्या, आणि मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात जातात. बैलांच्या पोटाला लाटा लागतात, मागे सुवर्णदुर्ग. फक्त गाडी वाळूत घालू नका. दरवर्षी घाटावरची एखादी तरी मोटार भरतीत अडकते आणि तिला ओढायला तेच बैल आणावे लागतात.

*काका, घेतलेली मासळी पावसात, लोकलने, इतक्या लांब नेऊ कशी? डब्यात लोक नाकं मुरडतात.*
— एक वाचक, बदलापूर

झाकणाचा प्लास्टिकचा डबा घरूनच न्या. मासळी साफ करून घेऊ नका. अख्खी जास्त टिकते, साफ घरी करा. धक्क्यावर बर्फाचा चुरा मागितला की ओंजळभर कुणीही देतं. खाली बर्फ, मग मासळी, वर बर्फ, त्यावर ओलं गोणपाट. डबा पिशवीत, पिशवी पायांशी.

आणि चढायचं ते मालडब्यात. तिथे कोणी नाक मुरडत नाही, कारण तिथे सगळ्यांकडे तेच असतं. कोळणी बसलेल्या असतील, ‘मावशी, जरा सरका’ म्हटलं की एक पाटी सरकते आणि बसायला जागा होते. पिशवी मात्र दाराजवळ ठेवू नका. दादर-कुर्ल्याला पाट्या उतरवताना ज्याच्या हाताला जे लागेल ते उतरतं. माझी एकदा दोन किलो मांदेली कुर्ल्याला उतरली आणि मी कल्याणला पोचलो. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीला त्याच मावशी चढल्या. पैसे पुढे केले, म्हणाल्या, “गोड होती हां तुझी मांदेली,” आणि तिकीट मागितलं.